बिननावाचं टेकाड

मुक्काम खडकवाडी, बालाघाट
श्रावण वद्य ३, शके १८३५

रामकिसन पाटील यांस, खडकवाडीहून कौशल्येचा नमस्कार.

आपले पत्र बाजारच्या दिवशी पोचले. पाकिटावर माझे नाव नव्हते, माझ्या लेकीच्या, तुळजाच्या, वडिलांचे होते. त्यांना अक्षर येत नाही, म्हणून ते मीच फोडले. असे होणार हे आपल्याला ठाऊक असावे.

तेरा वर्षांत भावाने बहिणीला लिहिलेले हे पहिले पत्र. त्यात एकच प्रश्न आहे. त्याचे उत्तर देते.

आपल्या हैदराबादच्या कचेरीतले साहेब बीड जिल्ह्याचा नवा नकाशा करीत आहेत आणि जिथे जिथे जमीन वर उठली तिथे तिथे त्यांनी 'हिल' असे लिहून ठेवले आहे. आता घाटावरचे लोक हिलला काय काय म्हणतात, आणि एका शब्दात व दुसऱ्यात फरक काय, हे त्यांना हवे आहे. तलवाड्यात आपल्याला दोनच शब्द माहीत होते. टेकडी म्हणजे देवीची. डोंगर म्हणजे दक्षिणेला दिसणारी निळी रेघ. त्या रेघेवर मी आता राहते. इथून ती निळी दिसत नाही.

घरात विचारले. सासूबाई, भिवराबाई, आधी नकोच म्हणाल्या. "सरकारला नावं कावून पायजेत? आज डोंगराचं नाव लिवतील, उंद्या त्याच्यावर सारा बसवतील." तुळजाचे वडील म्हणाले, "बसवू दे. डोंगर भरंल की." मग दोघांचे भांडण झाले आणि त्या भांडणातून मला शब्द मिळाले.

डोंगर म्हणजे ज्याच्या मागचे दिसत नाही तो. टेकडीला वळसा घालून जाता येते. टेकाड त्याहून लहान. त्यावर चढलो हे चढल्यावर कळते. माळ उंच असतो पण उंच दिसत नाही, कारण तो सगळाच उंच असतो. सासूबाईंच्या मते माळ हा डोंगर नव्हेच. त्यांच्या मुलाच्या मते माळ म्हणजे निजलेला डोंगर. दोन्ही लिहून घ्यावे.

गड या शब्दाविषयी साहेबांना आधीच सांगून ठेवावे. दुसरीकडे गड म्हणजे किल्ला. आपल्याकडे गड म्हणजे जिथे मठाचे महाराज बसतात आणि जत्रा भरते. नारायणगडावर कोणी तोफ शोधू नये.

आमच्या वावरात एक उंचवटा आहे. तिथे वारा लागतो म्हणून त्यावर खळे करतो. त्याला नाव नाही. नाव नसलेले चालत असेल तर तेही घ्यावे.

आणखी एक. हैदराबादेत घाटावरची माणसे पुष्कळ असतील. त्यांना विचारता आले असते. आपण इकडे विचारलेत.

आई कशी आहे ते आपण लिहिले नाही.

कौशल्या


भाद्रपद शुद्ध १०

दादांस, कौशल्येचा नमस्कार.

आईला आता कमी दिसतं पण ती तलवाड्यात चूल सोडत नाही, हे वाचलं. तिनं चूल सोडली असती तर काळजी वाटली असती.

या वेळी पाकिटावर माझं नाव होतं. नुसतं 'कौशल्या'. पुढं काही नाही, मागं काही नाही. बरं वाटलं.

साहेबांच्या कोशातून उतरवून पाठवलेले शब्द मी घरात मोठ्यानं वाचले. हिल, हिलॉक, माउंड, नोल, रिज. तुळजानं मला हिलॉक पुन्हा म्हणायला लावलं, मग पुन्हा. आता ती करड्या शेळीला हिलॉक म्हणते आणि शेळी येते. इतके शब्द घरात असताना साहेबांनी नकाशावर एकच का वापरला, हे मला कळेना. सासूबाईंना कळलं. "चांगली लुगडी पेटीत ठिवून फाटकं नेसणाऱ्या बाया असत्यात की. तसा आसंल सायेब."

तुम्ही हिलचे बाकीचे अर्थही लिहिलेत. नुसत्या ढिगालाही हिल म्हणतात. मुंग्यांच्या वारुळालाही म्हणतात. नागपंचमीला आम्ही वारुळाला जाऊन आलो, पण त्याला डोंगर म्हणून बघितलं नव्हतं. मुंगीच्या बाजूनं बघितलं तर बरोबर आहे.

आणि रोपाच्या बुडाशी माती ओढून लावणं, त्यालाही हाच शब्द. हे वाचून मी कागद खाली ठेवला. त्याच दिवशी आम्ही मिरचीला भर लावून आलो होतो. नखांत माती होती. तुळजाच्या वडिलांनी विचारलं, "मंजी सायेब बी मिरच्या लावतो व्हय?" मी म्हटलं, साहेब लावत नसेल, पण त्याच्या गावात कुणीतरी लावत असणार, त्याशिवाय शब्द कसा आला. त्यांना साहेब तेव्हापासून जरा बरा वाटतो.

माळ आणि बरड यांत फरक काय, असं तुम्ही विचारलंत. माळावर गवत येतं. बरडावर नुसता मुरूम आणि खडे. पण हे मला कुणी सांगितलं नाही. गोदेकाठच्या, आपल्या गंगथडीच्या काळ्या मातीतून मी इथं आले तेव्हा बरड ओलांडून पाण्याला जायचं होतं. माझे तळपाय फुटले. सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, "गंगथडीची गाय हाय, खूर मऊ." पुढच्या बाजाराला त्यांच्या मुलानं माझ्यासाठी वहाणा आणल्या. बाईमाणसासाठी वहाणा विकत आणल्या, ही गोष्ट गावाला पुढच्या बाजारापर्यंत पुरली. त्यांना लोक विचारत, "काय आश्रुबा, आता बायकूला घोडं कवा घेतो?" ते म्हणत, "तुझं इकायचं आसंल तर सांग." मी त्या वहाणा घालून पाण्याला जात राहिले. आता माझे तळपाय सासूबाईंसारखे झालेत आणि वहाणा लागत नाहीत. त्या कोनाड्यात आहेत.

तेव्हा साहेबांना सांगा, माळावरून बरडावर आलो की पायाला कळतं. डोळ्याला कळेलच असं नाही.

पंतोजींकडे तुम्ही एकटे बसत नव्हतात. रडायचात. म्हणून वडिलांनी मला शेजारी बसवलं, एकाच पाटीवर. त्यामुळे मला अक्षर आलं. नाहीतर आज तुमच्या साहेबांचं काम अडलं असतं.

कौशल्या


आश्विन शुद्ध १२

दादा, तुम्हा सगळ्यांना दसऱ्याचं सोनं. आपट्याचं एक पान आत घातलं आहे, मोडलं नसेल तर.

डोंगराच्या अंगाला काय काय म्हणतात ते विचारलंत. माणसासारखंच आहे. वर माथा, मग खांदा, मागं पाठ, बाजूला कूस, खाली पाय. डोंगर पुढं लांब उतरत आला तर त्याला सोंड म्हणतात. तेवढी एक हत्तीची घेतली आहे. तुमच्या साहेबांच्या भाषेतही पाय आहे, खांदा आहे, हे कळल्यावर इथं कुणाला नवल वाटलं नाही. भुवई मात्र नवी. सासूबाई म्हणाल्या, "डोंगर भवई कुनावर चढवतो?" त्यांना ते पटलेलं नाही.

आमच्या गावच्या डोंगराच्या कुशीला दुपारनंतर सावली येते. मी शेळ्या घेऊन तिथं बसते. तिथून उत्तरेकडं बघितलं की घाटाखालचा मुलूख दिसतो. हवा धुतलेली असली तर त्याच्याही पलीकडं एक निळी रेघ दिसते. तुळजाला वाटतं तो गोदेपलीकडचा डोंगर आहे. मला वाटतं तिथं डोंगर नसेल, नुसतं लांबपण असेल. लांबपण निळं असतं.

तुळजाचं जमलं. मुलगा नेकनूरचा. घरचं औत आहे, विहीर आहे. मुलगा कमी बोलतो. लग्न वैशाखात.

ती माणसं बघायला आली तेव्हा बोलणं झालं, खोबरं-खडीसाखर झाली. मग त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "पोरीच्या मागं मामा कोन उभा ऱ्हानार?" त्यांना वाकडं बोलायचं नव्हतं. मंगलाष्टकं चालू असताना मुलीच्या मागं मामा लागतोच. शिवाय तुळजा पाटाच्या पोटची, विधवेच्या दुसऱ्या लग्नाची लेक. आपल्या सुनेला आजोळ आहे की नाही, एवढं त्यांना बघायचं होतं. आजोळ नसेल तर सोयरीक करू नये असं त्यांच्या भावकीत कुणीतरी म्हणालं होतं, हे मला नंतर कळलं.

मी बोलायच्या आत सासूबाई बोलल्या. "हाय की मामा. हैद्राबादला हाय. मोठ्या सायबाच्या मांडीला मांडी लावून बसतो."

मांडीचं खरं नाही. बाकीचंही पुरतं खरं नाही.

दादा, पहिलं लग्न मला फारसं आठवत नाही. देशमुखांच्या घरी थोड्या दिवाळ्या, मग पटकी, मग पांढरं कपाळ घेऊन मी तलवाड्याला परत. दुष्काळात घाटावरची जनावरं गोदेच्या काठाला उतरली तेव्हा तुळजाचे वडील आपल्या मळ्यात मुक्कामाला होते. वडिलांनी त्यांच्या बैलांना कडबा दिला. परत निघताना ते वडिलांना म्हणाले, कडब्याचं कसं फेडू. वडील म्हणाले, फेडू नको, अजून एक देतो. पाट अंधारात लागतो तसा लागला. गाडीत वडिलांनी हात धरून बसवलं. तुम्ही देवीच्या पायरीला हात लावून सगळ्यांसमोर म्हणालात, हिच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही.

तुमचा माझ्यावर राग होता असं मला तेव्हाही वाटलं नाही. लोक उभे होते. पाटलाच्या घरातून पाट लागत होता. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि वडील बोलणार नव्हते.

पाट लावला याचं मला कधी वाईट वाटलं नाही. आज तर अजिबात नाही. ज्वारी गुडघ्याला आली आहे.

वैशाखाचं मी काही मागत नाही. तुळजा मागते. तिला म्हटलं, तूच लिही. तिला अजून पुष्कळ अक्षरं यायची आहेत, म्हणून तिला जेवढं लिहिता आलं तेवढं खाली आहे.

कौशल्या

मामा हिलॉक व्याली. दोन.


कार्तिक शुद्ध ५

दादा, नमस्कार.

तुमचं पत्र भाऊबीज झाल्यावर आलं. पाटावर दरवर्षीसारखी सुपारी ठेवली होती आणि तिला ओवाळलं होतं. सुपारी तुमच्याच नावाची असते. तिला विचारून बघा.

तुम्ही लिहिलंत की मामा म्हणून यायला तुमची ना नाही, पण देवीसमोर दिलेला शब्द मागं घेता येत नाही, आणि लग्नघरी यायचं म्हणजे उंबरा आलाच. रागानं लिहिलेलं नाही हे दिसलं. दोनदा खोडून लिहिलं आहे.

शब्द मोडू नका. मोडलेला शब्द घेऊन तुम्ही आलात तर मला तुम्हाला कुठं बसवावं ते कळणार नाही. वडिलांनीही हेच सांगितलं असतं. नेकनूरकरांना काय सांगायचं ते मी बघते. सासूबाईंनी एक मामा तयार केलाच आहे, त्याला आजारी पाडता येईल.

आता साहेबांच्या कामाचं. कामाचं नसेलही, पण घाटावरचं सगळं तुम्ही लिहून घेताय म्हणून सांगते.

इथं येळवस नावाचा सण असतो. आपल्या गंगथडीत मी तो बघितला नव्हता. मार्गशीर्षातल्या अमावास्येला गाव रिकामं होतं. घरांना कड्या लावून सगळे आपापल्या रानात जातात, म्हातारी, पोरं, कुत्री, सगळे. ज्वारी तेव्हा पोटऱ्यात आलेली असते, कणीस अजून पानाच्या पोटात. उभ्या पिकात कडब्याच्या पेंढ्यांची कोपी करतात, आत पाच दगड चुना लावून मांडतात, ते पांडव. त्यांना आधी जेवू घालायचं आणि मग आपण जेवायचं. भज्जी, बाजरीचे उंडे, आणि मडकंभर आंबील. आंबील दोन दिवस आधी लावावी लागते, नाहीतर आंबट होत नाही. आमची कोपी त्या बिननावाच्या उंचवट्यावर असते.

कोपीला दार नसतं, नुसतं तोंड असतं. आत जायचं तर वाकून जायचं. बाकी काही ओलांडावं लागत नाही. कडब्याला उंबरा कसा बसवणार.

त्या दिवशी वाटेनं जाणारा कुणीही असो, त्याला हाक मारून जेवायला बसवतात. नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत, कुणाचा कोण ते विचारत नाहीत. आणि हाक आल्यावर तो नाही म्हणत नाही. नाही म्हटलं तर रानाला लागतं, माणसाला नाही.

हे मी नुसतं माहिती म्हणून लिहिलं. सासूबाई विचारत होत्या, साहेबाचा मोठा सणही त्याच सुमाराला येतो का आणि तेव्हा कचेरी बंद असते का. त्यांना उगाच काहीतरी विचारायची सवय आहे.

कौशल्या


मार्गशीर्ष शुद्ध ९

दादा,

तुझं कार्ड आलं. एकच ओळ. 'आईला गाडीतून आणावयाचे असल्यास वाट कशी ते कळवावे.'

ऐक.

बीडवरून मांजरसुंब्याला ये. तिथं घाट आहे. घाट चढताना आईला उतरवू नकोस. बैल दमले तर तू उतर.

वर आलास की माळ. निजलेला. गाडी सरळ चालेल, आईला झोप लागेल. पुढं चाकांचा आवाज बदलेल. तेव्हा बरड लागलं समज. आईला कमी दिसतं, पण तो आवाज तिला ऐकू येईल. तिला सांग, इथंच कौशल्येचे पाय फुटले आणि इथंच नीट झाले.

नेकनूर मागं टाकलंस की डावीकडं दोन टेकड्या येतील. वळसा घालण्याजोग्या आहेत, वळसा घाल. मग डोंगर, ज्याच्या मागचं दिसत नाही तो. त्याची सोंड गाडीवाटेपर्यंत आली आहे. सोंडेच्या उजव्या अंगानं यायचं, डाव्या नव्हे. कुशीला लागून चालत राहायचं. कुशीत शेळ्या दिसल्या तर त्या आमच्या. खिंडीत वारा लागतो, आईला घोंगडी दे. खिंडीतून बाहेर पडलास की रान.

तिथं पुढं बघितलंस की एक उंचवटा. त्याला नाव नाही, म्हणून मला तुला नाव सांगता येत नाही. चढलास हे चढल्यावर कळेल. त्यावर आम्ही आहोत.

अमावास्येच्या सकाळी नेकनूर सोड, म्हणजे जेवणाच्या वेळेला पोचशील. उपाशी ये.

कौशल्या


पौष वद्य ६

दादा,

तू हैदराबादेला नीट पोचल्याचं पत्र काल आलं. पाकिटावर 'सौ. कौशल्याबाई' असं होतं. केजेहून टपाल आणणाऱ्यानं पारावर सगळ्यांच्या देखत ते मोठ्यानं वाचलं. त्याला वाचता येतं हे दाखवायची त्याला हौस आहे. सासूबाई तिथं होत्या. घरी येऊन म्हणाल्या, "तुझ्या भावाला लिव्ह, अक्षर लई झाक हाय." त्यांना अक्षर येत नाही.

आता तू इथं नाहीस तेव्हा सांगते, त्या दिवशी मला काय वाटत होतं ते. ऊन डोक्यावर आलं, पांडवांचं झालं, सासूबाईंनी उतूचं दूध चुलीवर ठेवलं आणि तू आला नव्हतास. तुळजा खिंडीपर्यंत जाऊन आली. तिचे वडील म्हणाले, "येतील. घाटाला येळ लागतो." मी आंबिलीच्या मडक्यावरचं फडकं काढत होते आणि घालत होते. ते तिकडं बघत नव्हते. नेकनूरकरांना काय सांगायचं, मामाला कुठला आजार द्यायचा, ते मी मनात जुळवायला लागले होते. पटकी नको, हिवताप बरा, असं ठरलं होतं.

आणि तू आलास तो खिंडीतून नव्हे. भलत्याच बाजूनं, पार वरच्या आळीच्या रानातून, गाडीच्या पुढं चालत. मिशीला आंबील लागलेली.

सोंडेच्या डाव्या अंगानं गेलास. उजव्या अंगानं ये, असं लिहिलं होतं. पण चूक माझीही आहे. येळवसेला वाटसरूला हाक मारतात हे मी तुला लिहिलं, पण ती हाक सगळेच मारतात हे लिहायचं राहिलं. डाव्या अंगाला तर वावराला वावर लागून आहे. पहिल्या वावरात हाक आली, तू बसलास. आई म्हणाली, नाही म्हणू नको, रानाला लागतं, कौशीनं लिहिलंय. मग दुसऱ्या वावरात. मग सटवाच्या कोपीत त्याच्या बायकोनं तुला उंडे वाढले आणि वर पुन्हा वाढले. तलवाड्याचा पाटील, शेजारच्या गावचं पाणी प्यायला विचार करणारा, कुणाकुणाच्या पंक्तीला बसून आला. तुला ती कोण माणसं होती ते अजून माहीत नाही. सांगणार नाही. त्यांनीही तुला विचारलं नव्हतं.

माझ्या कोपीत तू वाकून आलास तेव्हा तुझ्याच्यानं खाली बसवत नव्हतं. तरी बसलास. तरी जेवलास. मी आग्रह केला नाही, हे तू ध्यानात घेतलं असशील. दुसऱ्या वाढीला तू आपण होऊन पान पुढं केलंस.

तुळजाच्या वडिलांनी गंभीरपणे विचारलं, "पाव्हनं, डोंगराला सारा कवापासून लागनार?" तू म्हणालास, "लागणार नाही, दाजी. साहेबाला अजून नावंच पाठ झाली नाहीत." दाजी म्हणालास. कुणी ऐकलं नाही असं सगळ्यांनी दाखवलं. ते उठून बैलांना पाणी दाखवायला गेले. बैलांनी नुकतंच पाणी प्यायलं होतं.

उतूचं दूध उत्तरेच्या अंगानं गेलं. इथं म्हणतात, दूध ज्या अंगानं उतू जाईल त्या बाजूला पिकं चांगली. मी म्हटलं, उत्तर म्हणजे गंगथडी. सासूबाई म्हणाल्या, "वाऱ्यानं गेलं ते." मग आईकडं बघून म्हणाल्या, "पर गेलं तिकडंच."

आई उभ्या ज्वारीत गेली आणि पोटरीतली कणसं हातानं चाचपून बघत होती. तिनं मला विचारलं, हे सगळं तुमचं का. मी म्हटलं, त्या बांधापर्यंत. ती म्हणाली, मग पुष्कळ आहे.

दिवस कलल्यावर आम्ही घरी निघालो. आई उंबरा ओलांडून आत आली, तिचा कुठं शब्द गुंतला होता. तू कोपीतच राहिलास. सासूबाईंनी तुळजाकडून घोंगडी पाठवली आणि तुळजाचे वडील आपली घोंगडी घेऊन तिकडंच आले. तुम्ही दोघं काय बोललात ते मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "काय न्हाई. निजलो." इतकं लांब निजायला सहसा कुणी जात नाही.

आता वैशाखाचं. हे सासूबाईंनी काढलं, मी नाही. तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी दळताना म्हणाल्या, "लगीन घरात कावून लावायचं? खळ्यावर लावू. ज्वारी निघाल्यावर खळं मोकळंच ऱ्हातं. मांडव तितंच घालू. खळ्याला कुठं उंबरा आसतो? पोरीच्या मागं मामा बी उभा ऱ्हाईल आन् मामाचा सबूद बी उभा ऱ्हाईल." नेकनूरकरांना निरोप धाडला. त्यांचं उत्तर आलं, मामा येणार असेल तर मांडव कुठंही घाला.

तेव्हा तू ये. तुळजाच्या मागं उभं राहायचं आहे. घरात गूळपाणी प्यायला बोलावणार नाही.

साहेबांना तू त्या उंचवट्याबद्दल विचारलंस आणि ते म्हणाले की एवढ्याशा उंचीला हिल म्हणत नाहीत, नकाशावर ती दाखवताच येत नाही, हे वाचलं. त्यांचं बरोबर आहे. तुझ्या पायाला तरी ती कुठं कळली होती.

पण एक झालं आहे. येळवसेच्या दुसऱ्या दिवशी कोपी मोडून कडबा जनावरांना घालतात. तुळजाच्या वडिलांनी मोडली नाही. सासूबाई म्हणाल्या, "कडबा फुकट चाल्लाय." ते म्हणाले, "पाव्हनं येत्यात वैशाखात. त्यास्नी निजायला लागंल." हिलॉक आणि तिची दोन पोरं रोज जाऊन थोडी थोडी कोपी खातात. पुरली नाही तर नवी घालू.

कोपी उभी राहिली म्हणून लोक विचारायला लागले, ती कुणाची. तुळजा सांगते, मामाची. आता सगळेच म्हणतात. परवा नेकनूरचा एक माणूस सटवाचं वावर विचारत आला होता. पारावरच्या म्हाताऱ्यानं त्याला सांगितलं, "खिंडीतून निघालास की मामाचं टेकाड लागंल. तितनं डाव्या हाताला."

तो माणूस सरळ गेला, चुकला नाही.

तू मात्र सोंडेच्या उजव्या अंगानं ये.

कौशल्या